परदेशी कंपनी शेजारी आली की गिऱ्हाईक म्हणून आली?

प्रश्न असा आहे: “मी सोलापुरात अर्थशास्त्रात एम.ए. करते. पुस्तकात वाचलं की परदेशी गुंतवणूक आली की तंत्रज्ञान झिरपतं आणि देशी कारखान्यांची उत्पादकताही वाढते. माझ्या बाबांचं चिंचोळी एमआयडीसीत सीएनसी जॉबवर्कचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर दुसऱ्यांचे सुटे भाग करून द्यायचं, वर्कशॉप आहे, आठ माणसं. ते म्हणतात, चाकणला परदेशी कंपन्या आल्यापासून आपल्याला एकच कळलं, चांगला ऑपरेटर टिकत नाही. मामांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे, त्यांना यातलं काहीच जाणवलेलं नाही. मग पुस्तक खोटं की बाबा? आणि यावर प्रबंध करायचा तर सुरुवात कुठून करू?”

ताई, मी या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलोय. सुरुवातीची सात वर्षं सोलापुरातच दोन लेथ आणि एक सेकंडहँड सीएनसी घेऊन जॉबवर्क केलं. मग पुण्याकडे एका परदेशी कंपनीच्या व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे पुरवठादार तयार करणाऱ्या खात्यात, लागलो आणि तिथून निवृत्त झालो. म्हणजे आधी डेबिट नोट (खराब मालापोटी पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) खाल्ल्या, नंतर दिल्या. आता परत गावात आहे आणि तुमच्या बाबांसारख्यांच्या शॉपफ्लोअरवर फिरत असतो. त्यामुळे उत्तर थोडं पुस्तकातलं आणि बरंचसं कूलंटच्या वासातलं असेल.

पुस्तक खोटं नाही, बाबाही नाहीत, आणि मामा तर अजिबात नाहीत. तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. परदेशी कंपनी तुमच्याच धंद्यात तुमच्या शेजारी येऊन बसली तर एक होतं, तुमचं गिऱ्हाईक झाली तर दुसरं होतं, आणि तुम्हाला माल, मशीन किंवा टूल विकायला आली तर तिसरं. ‘परदेशी गुंतवणूक’ असा एकच शब्द वापरला की तिन्हींची खिचडी होते आणि सरासरी शून्याच्या आसपास निघते. संशोधनातही बरीच वर्षं हेच झालं.

आधी शेजारी घेऊ. १९७४ साली रिचर्ड केव्हज यांनी ऑस्ट्रेलियाची आकडेवारी घेऊन दाखवलं की ज्या उद्योगांत परदेशी कंपन्यांचा वाटा जास्त, तिथे देशी कंपन्यांची उत्पादकताही जास्त. पुढची पंचवीस वर्षं पाठ्यपुस्तकं या धर्तीच्या निष्कर्षांवर चालली. पण यात एक गोम आहे, आणि ती कळायला अर्थशास्त्री असावं लागत नाही. परदेशी कंपनी ओसाड माळावर येत नाही. फोक्सवॅगन २००९ मध्ये चाकणला आली, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्को, बजाज, किर्लोस्कर यांनी आधीच चार दशकं मशीनिस्ट, फाउंड्रीवाले, टूलरूमवाले तयार करून ठेवले होते. आता कोणी चाकणचा फोटो काढून म्हणालं की परदेशी कंपनी आली म्हणून इथले वर्कशॉपवाले हुशार झाले, तर ते उलटं आहे. वर्कशॉपवाले हुशार होते म्हणून कंपनी आली.

ही गाठ नीट सोडवली ब्रायन एटकेन आणि अ‍ॅन हॅरिसन यांनी, १९९९ मध्ये. व्हेनेझुएलातले हजारो कारखाने त्यांनी १९७६ ते १९८९ अशी वर्षानुवर्षं पाहिले, म्हणजे त्याच कारखान्याचं आधी आणि नंतर. निघालं असं की ज्या कारखान्यात परदेशी भांडवल आलं त्याची उत्पादकता वाढते, त्यातही लहान कारखान्यांची. पण त्याच उद्योगातल्या निव्वळ देशी कारखान्यांची उत्पादकता घटते. दोन्हींची बेरीज केली तर हाती फार थोडं उरतं.

घटते कशी, हे मामांच्या कारखान्यावर मांडून बघा. समजा वीस माणसं महिन्याला दहा हजार किलो टॉवेल काढतात, म्हणजे माणशी पाचशे किलो. उद्या समोर कोणी मोठा खेळाडू आला, त्याने तीन हजार किलोचं गिऱ्हाईक ओढून नेलं. मामा वीसपैकी दोनच माणसं कमी करतील, कारण जॉबर (माग दुरुस्त करणारा) एकच, वायरमन एकच, बॉयलर तर निम्मा पेटवता येत नाही, आणि पंधरा वर्षं माग चालवलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नको म्हणणं आपल्या गावात सोपं नाही. अठरा माणसांत सात हजार किलो, म्हणजे माणशी ३८९. कोणी आळशी झालं नाही, मागाचा वेगही तोच, तरी उत्पादकता बावीस टक्क्यांनी पडली. स्पर्धेमुळे माणूस सुधारतो हे खरं आहे, पण आधी त्याला तो मधला काळ काढावा लागतो. जो काढू शकत नाही तो मागांचा भंगारात लिलाव करतो.

मामांना मात्र प्रत्यक्षात हेही जाणवलेलं नाही, कारण सोलापूरच्या टॉवेल-चादरीत परदेशी मालकीचा कारखाना शेजारी येऊन बसलेलाच नाही. जे आलं ते दोन रूपांत आलं. एक, परदेशी गिऱ्हाईक, तेही बहुतेक वेळा मुंबईच्या निर्यातदाराच्या आडून. दुसरं, परदेशी मशीन. १९९९ पासूनच्या टफ योजनेत, म्हणजे कापड उद्योगाच्या आधुनिकीकरणाच्या सरकारी योजनेत, व्याजाला सवलत मिळाली आणि शटलच्या मागांशेजारी रॅपियर, म्हणजे शटलशिवाय चालणारे वेगवान माग, दिसू लागले. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे धागे टाकतो, रॅपियर त्याच्या दुप्पट-अडीचपट. पण मी असे कारखाने पाहिलेत की बेल्जियमचा माग आणला आणि ताण्याची बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) तयार करायचं खातं मात्र आजोबांच्या काळातलंच. सूत तुटतं, माग थांबतो, कामगार गाठ मारतो. दिवसाअखेर वेगवान माग साध्या मागापेक्षा फार पुढे गेलेला नसतो. मशीन आयात होतं. ते कसं चालवायचं याचं शहाणपण त्याच खोक्यात येत नाही.

आता दुसरी बाजू: परदेशी कंपनी गिऱ्हाईक झाली तर? खरा माल इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

२००४ मध्ये बिआटा यावोर्चिक यांनी लिथुआनियाचा अभ्यास छापला. त्यांनी प्रश्न फिरवून विचारला: त्याच उद्योगातल्या प्रतिस्पर्ध्याला नको, परदेशी कंपनीला माल पुरवणाऱ्या उद्योगांना काय होतं ते बघू. तिथे फायदा स्पष्ट दिसला. ते साहजिकच आहे. प्रतिस्पर्ध्याला शिकवायला कोण बसलंय? पण माझा बोल्ट वाकडा आला तर माझी लाइन थांबते, म्हणून बोल्टवाल्याला शिकवणं माझ्या पोटापाण्याचा प्रश्न असतो. त्याच अभ्यासात आणखी एक बारकावा होता, तो मला नोकरीत पुरेपूर पटला. हा फायदा स्थानिक भागीदार असलेल्या कंपन्यांकडून झाला, शंभर टक्के परदेशी मालकीच्या कंपन्यांकडून तसा दिसला नाही. स्थानिक भागीदाराला कोणत्या गल्लीत कोण चांगलं ग्राइंडिंग करतो ते माहीत असतं. शंभर टक्केवाला आपल्या देशातले पुरवठादार सोबत घेऊन येतो आणि त्यांच्यासाठी शेजारचे प्लॉटही बघून ठेवतो.

आपल्याकडचं ठळक उदाहरण मारुतीचं. १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला, तेव्हा सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि सुरुवातीला तिचे बरेच भाग जपानहून येत होते. ते टप्प्याटप्प्याने देशात बनवायचं बंधन सरकारचं होतं. त्या बंधनापोटी मारुतीने पुरवठादार उभे केले, काहींत स्वतः भांडवल घातलं, काहींची जपानी कंपन्यांशी सोयरीक लावून दिली. आजची वाहनाच्या सुट्या भागांची निम्मी भाषा, कानबान, पोकायोके, कायझेन हे जपानी कारखानदारीचे शब्द, त्या रस्त्याने आली. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांत अशी अट बसेना. १९९७ च्या वाहन धोरणात तीन वर्षांत ५० टक्के आणि पाच वर्षांत ७० टक्के देशी भाग अशी अट होती. अमेरिका आणि युरोपीय संघ तिच्याविरुद्ध गेले, आणि डिसेंबर २००१ मध्ये निकाल भारताच्या विरोधात लागला. म्हणजे आता ‘इथूनच घ्या’ असं कंपनीला सरळ सांगता येत नाही. तुमचा माल स्वस्त, वेळेवर आणि सारखा असेल तरच ती घेते.

सारखा हा शब्द लक्षात ठेवा. चांगला माल आपण सोलापुरात पूर्वीही काढत होतो. अडचण सारखेपणाची.

माझाच किस्सा सांगतो. जॉबवर्कच्या दिवसांत एका मोठ्या कंपनीच्या पुरवठादाराकडून मला बुशचं, म्हणजे नळीसारख्या पोकळ सुट्या भागाचं, काम मिळालं. नाव नको. २४०० बुश पाठवले. तीन दिवसांनी फोन: आतला व्यास मोठा, लॉट अडकवलाय, माणूस पाठवा सॉर्टिंगला. मी आणि एक पोरगा पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला गेलो, दोन दिवस जमिनीवर बसून प्लग गेज (भोकाचं माप तपासायची कांडी) घालत एकेक बुश तपासला. २४०० पैकी १९० खराब. सॉर्टिंगचे पैसे, भाड्याचे पैसे, वर डेबिट नोट, म्हणजे त्या महिन्यात मी फुकट राबलो. मला वाटलं, विषय संपला. पण त्यांचा क्वालिटीचा माणूस आठवड्याने सोलापूरला आला. मी कडक भाकरी, शेंगाचटणी, सगळी व्यवस्था केली होती. त्याने चहासुद्धा नंतर घेतो म्हटलं आणि सरळ मशीनवर गेला. माझ्याशी बोललाच नाही. ऑपरेटरला विचारलं, “इन्सर्ट कधी बदलतोस?” इन्सर्ट म्हणजे धातू कापणारं, झिजलं की बदलायचं पातं. पोरगा म्हणाला, “आवाज बदलला की.” “आणि बदलल्यावर पहिला पीस कोण तपासतं?” पोरगा माझ्याकडे बघायला लागला.

मग त्याने तारीख-वेळ लावली. खराब १९० बुश जवळपास सगळे जेवणाच्या सुट्टीनंतरचे निघाले. सुट्टीत मशीन थंड व्हायचं, सुट्टीनंतर इन्सर्ट बदलला जायचा, आणि ऑफसेट, म्हणजे टूलच्या मापासाठी मशीनला दिलेली दुरुस्ती, मात्र सकाळचाच राहायचा. त्याने मला नवीन मशीन घ्यायला सांगितलं नाही. एक तक्ता चिकटवायला लावला: इन्सर्ट दर २५० पीसला बदलायचा, आवाज असो नसो. बदलल्यावर पहिले तीन पीस मोजायचे, आकडे लिहायचे, मग पुढे. गेजवर कॅलिब्रेशनची तारीख होती, ती चौदा महिने उलटून गेलेली. त्यावर तो हसला नाही, हे मला जास्त लागलं.

पुस्तकवाले ज्याला तंत्रज्ञानाचं झिरपणं म्हणतात, ते माझ्या वाट्याला असं आलं. यात पेटंट नाही, रोबो नाही. एक तक्ता, एक पेन आणि ‘पहिला पीस कोण तपासतं’ हा प्रश्न.

त्यातून उत्पादकता किती वाढते, याचा हिशेब बाबांच्या मशीनवर घालून दाखवतो. आकडे उदाहरणाचे आहेत, पण असेच आकडे मी कितीदा पाहिलेत. शिफ्ट ४८० मिनिटांची. दिवसात दोन वेळा जॉब बदलतो, प्रत्येक सेटिंगला ११० मिनिटं, कारण ड्रॉइंग शोधायचं, जॉ (जॉब पकडणारे जबडे) बदलायचे, टूल दुसऱ्या मशीनवरून आणायचं. उरली २६० मिनिटं. एका पीसला दोन मिनिटं धरली तर १३० पीस. त्यातले सहा टक्के रिजेक्ट, चांगले १२२. आता जॉ आणि टूल आदल्या जॉबच्या वेळातच तयार ठेवले, सेटिंग २५ मिनिटांवर आलं. उरली ४३० मिनिटं, २१५ पीस. रिजेक्शन एक टक्का, चांगले २१३. तेच मशीन, तोच माणूस, तीच वीज, आणि माल पावणेदोनपट.

तुमच्या विषयातली सगळ्यात अवघड गोष्ट इथेच सुरू होते. गिऱ्हाईक आंधळं नसतं. ज्याने तुम्हाला सेटिंगचा वेळ कमी करायला शिकवलं, तोच पुढच्या वर्षी म्हणतो, वेळ वाचला ना, मग दर कमी करा. समजा पीसला वीस रुपये होते, दोन-तीन वर्षांत ते सतरावर आले. आधी १२२ पीसचे २४४० रुपये, आता २१३ पीसचे ३६२१. म्हणजे नगांत वाढ पाऊणपट, रुपयांत निम्मी. संशोधकांना बहुतेक वेळा फक्त रुपये दिसतात, कारण बॅलन्सशीटमध्ये नग नसतात. महागाई वजा करताना ते त्या उद्योगाचा सरसकट निर्देशांक लावतात, बाबांच्या एका बुशचा दर त्यांना कुठून कळणार? त्यामुळे ‘फायदा झाला नाही’ असं एखाद्या अभ्यासात आलं, तर विचारायचं: फायदा झालाच नाही, की झाला आणि गिऱ्हाईक घेऊन गेलं? मी टेबलाच्या त्या बाजूला बसून तो घेतलाय, म्हणून ठामपणे सांगतो.

बाबांचं दुःख माणसांचं आहे. तेही खरं. आयटीआय झालेला पोरगा त्यांच्याकडे दोन वर्षं शिकतो, मायक्रोमीटर हातात बसतो, फानुकच्या कंट्रोलवर प्रोग्राम स्वतः दुरुस्त करायला लागतो, आणि एक दिवस मित्राच्या ओळखीने चाकण नाहीतर रांजणगाव गाठतो. कॅन्टीन आहे, बस आहे, पीएफ आहे, लग्नाच्या बाजारात कंपनीचं नाव आहे. बाबांनी त्याच्यावर घातलेली दोन वर्षं कंपनीला फुकट मिळाली. म्हणजे इथे ज्ञान झिरपलं खरं, पण उताराच्या दिशेने, सोलापूरहून पुण्याकडे.

तो परत येतो का, यावर सगळं आहे. बांगलादेशची गोष्ट तुमच्या प्रबंधात असलीच पाहिजे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या देश गारमेंट्सने कोरियाच्या देवू कंपनीशी सहकार्याचा करार केला आणि १३० जणांना शिवणकामाच्या कारखान्याचं काम शिकायला कोरियात पाठवलं. पुढच्या काही वर्षांत त्यातले ११५ जण देश गारमेंट्सची नोकरी सोडून गेले, कोणी स्वतःचा कारखाना काढला, कोणी दुसऱ्याच्या नव्या कारखान्यात गेलं. देश कंपनीच्या मालकाला ते बाबांसारखंच झोंबलं असणार. पण बांगलादेशचा तयार कपड्यांचा उद्योग त्या माणसांच्या खांद्यावर उभा राहिला. आणि मौज म्हणजे तो मुळात तंत्रज्ञान आणि प्रशिक्षणाचा करार होता. झिरपलं ते माणसांच्या हातातलं काम, भांडवल नव्हे. घानाच्या कारखान्यांवरही एक अभ्यास आहे: ज्या मालकांनी आधी त्याच उद्योगातल्या बहुराष्ट्रीय कंपनीत नोकरी केली होती, त्यांचे कारखाने इतरांपेक्षा जास्त उत्पादक निघाले.

आपल्याकडे पोरगा चाकणहून परत येतो तो बहुतेक दिवाळीला आणि गड्ड्याच्या यात्रेला. दहा वर्षांनी कायमचा येणारे थोडे, पण आहेत. अशांनी काढलेली शॉप्स मी दुरून ओळखतो, जमिनीवर पिवळे पट्टे मारलेले असतात. सोलापूरला युनिफॉर्म शिवणाऱ्यांचाही मोठा धंदा आहे. तिथे बाहेर काम करून आलेला एखादा लाइन सुपरवायझर आला की शिलाईची बैठक बदलते, दिवसाचे नग वाढतात. बाबांना मी एवढंच म्हणेन की गेलेल्या पोरांचे नंबर ठेवा. त्यांच्या कंपनीत कोणत्या पार्टचा पुरवठादार त्रास देतोय हे त्यांना मार्केटिंगच्या माणसाआधी कळतं.

तिसरी बाजू थोडक्यात, कारण ती चांगली आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. परदेशी कंपनी तुम्हाला काही विकते तेव्हा. सँडविक, एसकेएफ या स्वीडिश कंपन्या साठच्या दशकापासून पुणे परिसरात आहेत. टूल विकणारा माणूस वर्कशॉपमध्ये येतो, तुमचा जॉब बघतो, म्हणतो फीड वाढवा, कट कमी घ्या, हा ग्रेड लावून बघा. तो त्याचा इन्सर्ट विकायलाच आलेला असतो, पण जाता जाता जे सांगून जातो ते कुठल्याही सेमिनारमध्ये मिळत नाही. आठ माणसांच्या शॉपला सगळ्यात स्वस्तात मिळणारं परदेशी ज्ञान हेच, आणि आपले लोक त्याला ‘नंतर या’ म्हणून बाहेरूनच वाटेला लावतात.

आता, सगळ्यांना सारखं का मिळत नाही? बुशच्या किश्शात त्या माणसाने तक्ता लावला तसे तक्ते त्याने आणखी तीन शॉपमध्ये लावले होते. दोघांनी महिन्याभरात फाडले. यालाच अर्थशास्त्रज्ञ ज्ञान पचवण्याची क्षमता म्हणतात. कोहेन आणि लेव्हिन्थाल यांनी १९९० मध्ये मांडलेली कल्पना आहे: बाहेरचं ज्ञान तेव्हाच उपयोगी, जेव्हा ते ओळखण्यापुरतं ज्ञान घरात आधीच असतं.

घरात ते का नसतं, यावर जो अभ्यास मला सगळ्यात जवळचा वाटतो तो परदेशी गुंतवणुकीवरचा नाहीच. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर-उंबरगाव पट्ट्यातल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत प्रयोग केला. तो २०१३ मध्ये छापून आला. १७ कंपन्या, २८ कारखाने. काहींना आंतरराष्ट्रीय सल्लागार फुकट दिले, काहींना नुसतं निदान. सल्लागारांनी केलं काय? सुताच्या साठ्याची नोंद, दोषांची रोजची नोंद, मशीनची वेळेवर देखभाल, कामाची जागा साफ. पहिल्या वर्षातच उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. परदेशी भांडवल एक रुपयाचं नाही. मग मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? बऱ्याच जणांना हे माहीत नव्हतं किंवा आपल्याकडे याची गरज नाही असं वाटत होतं. आणि चांगला चालवणारा मालक वाढून वाईट चालवणाऱ्याला बाजारातून का काढत नाही? तर कंपनी किती मोठी होते हे बऱ्याच अंशी घरात पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या मॅनेजरच्या हातात किल्ली द्यायची नाही, त्यामुळे जितके भाऊ आणि मुलगे तितकीच युनिटं. संशोधकांनी हे आकड्यांनी मांडलंय, आपण ते अक्कलकोट रोडवर जन्मभर बघत आलोय. तुम्ही मुलगी आहात आणि बाबांच्या धंद्यावर प्रबंध लिहायला निघालात, तेव्हा घरातल्या पुरुषांबद्दलचं ते वाक्य दोनदा वाचा.

म्हणून माझं मत विचाराल तर परदेशी भागभांडवलापेक्षा मी परदेशी, किंवा तितकंच कडक देशी, गिऱ्हाईक पसंत करेन. गावातलंच उदाहरण आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली सोलापुरात उभी राहिलेली कंपनी. जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुरवता पुरवता ती मोठी झाली आणि पुढे तिनेच जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या कंपन्या विकत घेतल्या. म्हणजे गुंतवणुकीची दिशाच फिरली. पुण्यापासून अडीचशे किलोमीटरवर राहून हे झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं. दिवसातून तीनदा लाइनवर लागणारा माल सोलापूरहून कोणी घेणार नाही. पण कमी जागेत जास्त किंमत बसणारा, पेटीत मावणारा, चुकला तर महागात पडणारा भाग अंतर विचारत नाही.

एक धोकाही सांगून ठेवतो. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन बंद केलं. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला, पण मधल्या काळात एकाच पार्टसाठी खास मशीन घेऊन बसलेल्या छोट्या पुरवठादाराचं काय? निम्म्याहून जास्त धंदा एका गिऱ्हाइकाकडून येत असेल तर उत्पादकतेच्या आलेखाकडे बघून खूश होऊ नये. पैशाचंही तसंच. बाबांची उद्यम नोंदणी असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन कायद्याने आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तसं न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा मिळत नाही. कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात काही गिऱ्हाइकं सूक्ष्म-लघुऐवजी मध्यम उद्योगांकडे वळतात, तेव्हा नियम दाखवतानाही जपून.

आता प्रबंधाचं. परदेशी गुंतवणूक आणि उत्पादकता असा विषय घेऊन कंपन्यांच्या ताळेबंदांचा तयार डेटा उतरवला तर तुमचे सर खूश होतील, पण त्यात बाबा नसतील. तो डेटा मुख्यतः मोठ्या कंपन्यांचा असतो. सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीत ठरावीक कामगारसंख्येखालचे कारखाने येत नाहीत आणि बाबांकडे आठच माणसं आहेत. म्हणजे ज्या थरात झिरपणं होतं की नाही हा मूळ प्रश्न, तो थरच आकडेवारीच्या खाली राहतो. चिंचोळी आणि अक्कलकोट रोडवरचे तीस-चाळीस कारखाने हातात वही घेऊन फिरलात, तर थोडंसं का होईना, नवीन काही सांगाल. विक्री किती हे विचारू नका, खरं कोणी सांगत नाही. विचारा: शेवटचं गिऱ्हाईक कोण, मधे किती हात, गिऱ्हाइकाचा माणूस शॉपवर शेवटचा कधी आला, आल्यावर कोणाशी बोलला, गेल्या पाच वर्षांत सेटिंगचा वेळ किती होता आणि किती झाला, रिजेक्शन लिहून ठेवता का, दर किती कमी केला, आणि सोडून गेलेला ऑपरेटर कुठे गेला. देशी कडक गिऱ्हाईक असलेले आणि परदेशी गिऱ्हाईक असलेले वेगळे ठेवा. मला शंका आहे की फरक देशाचा नसून कडकपणाचा निघेल, पण ती माझी शंका आहे, तुम्ही तपासा.

आणि त्याआधी एक महिना बाबांच्याच शॉपमध्ये सेटिंगच्या वेळेची वही ठेवा. बाबांना लिहायला सांगू नका, ते रोज तीस मिनिटं लिहितील आणि खरे एकशेदहा असतील. ऑपरेटरच्या हाताने लिहून घ्या, मशीन बंद केल्याची वेळ आणि पहिला चांगला पीस पडल्याची वेळ. पहिल्या आठवड्यात पानं कोरी राहतील, दुसऱ्या आठवड्यात सगळे आकडे पाचाच्या पटीत येतील. तिसऱ्या आठवड्यापासूनचे घ्या.